जुन्या गावाचा राबता

अकरावीच्या पोरांना मी दरवर्षी ‘माझं गाव’ या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला लावते. पोरं कुरकुरतात, आणि तपासताना मीही कुरकुरते. प्रत्येकाच्या गावात एक देऊळ असतं, एक नदी असते (धाराशिव जिल्ह्यात एवढ्या नद्या खरंच असत्या तर उन्हाळ्यात टँकरची वाट कुणी बघितली नसती), आणि शेवटी गावातले लोक प्रेमळ असतात. त्या वर्षी लोहारा तालुक्यातून आलेल्या एका मुलीनं मात्र पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की आमची गावं दोन आहेत. नव्यात आम्ही राहतो, आणि जुनं ‘हॉन्टेड’ आहे. लाल पेन त्या ओळीपाशी थांबलं. चूक एकही नव्हती.

पुढं तिनं लिहिलं होतं की जुन्या गावात भर दुपारी एक म्हातारी दिसते. पडक्या घराचा उंबरा झाडते, सडा टाकते आणि दोन मुलींशी बोलते. म्हातारी सगळ्यांना दिसते, मुली कुणालाच दिसत नाहीत.

तासानंतर मी तिला बोलावून घेतलं. गाव कुठलं म्हणून विचारलं, तर तिनं माझ्याच गावाचं नाव सांगितलं. लग्नानंतर आडनाव बदललं आणि हयात धाराशिवात गेली, त्यामुळं मी तिथली आहे हे तिला कळायचं कारण नव्हतं.

“लुगडं कसलं असतं गं तिचं?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“हिरवं, मॅडम. लाल काठाचं. लांबनं बघितलंय मी. जवळ कोनच जात न्हाय.”

ते हिरवं लुगडं संक्रांतीला मीच घेतलं होतं. आईसाठी.

मी हसले. भूतबीत काही नसतं, वाच आणि अभ्यास कर, असं मास्तरीण छापाचं बोलून तिला घालवलं. आपली आई जिवंतपणी भूत म्हणून गाजते आहे, यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण संध्याकाळी पोळी लाटताना हसू ओसरलं आणि त्या दोन मुली डोक्यातून जाईनात.

इथं थोडं मागचं सांगितलं पाहिजे. भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजसाठी धाराशिवात वसतिगृहावर होते. आई, वडील आणि धाकटा भाऊ शेतातल्या कोठ्यावर वस्तीला गेले होते, म्हणून वाचले. माझी बहीण गावात होती. नऊ-दहा वर्षांची. मी धडपडत गावी पोचले तोवर सगळ्यांना एकत्र जाळून झालं होतं. सरण म्हणून पडलेल्या घरांचीच दारं आणि तुळया वापरल्या होत्या. घर पडलं, ती गेली, एवढं मला सांगण्यात आलं. त्यानंतर आमच्या घरात त्या रात्रीबद्दल कुणी बोललं नाही. तिचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

मग सरकारनं ओढ्याच्या अलीकडं नवं गाव वसवलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. वडील काही वर्षांपूर्वी गेले, भाऊ पुण्यात, आणि आई त्या नव्या घरात एकटी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनचं नाव काढलं की सुगी झाल्यावर बघू म्हणायची. सुगी तिची कधी संपायचीच नाही.

मी भावाला फोन केला.

“ताई, हे विसरायचं दुखणं असणार,” तो म्हणाला. “माणसं जुन्या काळात जाऊन बसतात. तिला आता एकटं ठेवायचं नाही. तू तिला घेऊन ये, डॉक्टरला दाखव, आणि तुझ्याकडंच राहू दे.”

त्याचं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मला त्याचा राग आला. आई येणार की नाही हा एक घोर होता, आणि त्याहून मोठा घोर हा की जी येईल ती माझी आई असेल की तिच्या लुगड्यातली कुणी दुसरीच बाई.

मन थाऱ्यावर नसलं की मी शब्द उघडून बघते. घरात यावरून माझी चेष्टा होते. कुणाला जपमाळ लागते, मला जाडजूड शब्दकोश. ‘हॉन्ट’ काढला. आज तो शब्द म्हटला की आधी भूत आठवतं, पण भूत त्यात फार उशिरा शिरलंय. त्याआधी कितीतरी काळ त्याचा अर्थ साधा होता: एखाद्या ठिकाणी वरचेवर जाणं, कुणाची सोबत धरून राहणं, एखादं काम नेमानं करत राहणं. हरणं रोज जिथं पाण्यावर येतात ती जागाही हॉन्टच. आपण राबता म्हणतो तो हाच. ज्या घरात राबता आहे ते घर नांदतं. पुढं कधीतरी लोकांना वाटायला लागलं की मेलेली माणसंही आपल्या जागेवर नेमानं येतात, आणि त्यांच्या येण्यालाही तोच शब्द लागला. त्यांनी असा ठिय्या मारला की जित्यांना त्यात जागाच उरली नाही.

आणखी मागं गेलं तर पुरावा विरळ होतो. जाणकार म्हणतात, इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला आणि फ्रेंचांकडं तो बहुधा उत्तरेच्या थंड मुलखातल्या दर्यावर्द्यांकडून आला. त्यांच्या बोलीत ‘हेम’ म्हणजे घर. त्यापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ घरी आणणं. उन्हाळ्यात डोंगरात मोकळी सोडलेली मेंढरं थंडी पडायच्या आत हाका घालून खाली आणतात, तसं आणणं.

शब्दाचं मूळ हाती लागलं की एरवी मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं. त्या दिवशी जेवणच गेलं नाही.

सुट्टी बघून मी निघाले. लोहाऱ्यापर्यंत एसटी, पुढं जीप. नव्या गावात उतरले तेव्हा ऊन ऐन डोक्यावर आलं होतं. आईच्या दाराला नुसती कडी. शेजारची सून ओट्यावर तूर पाखडत बसली होती.

“आत्या गेल्यात जुन्या गावात,” ती म्हणाली. “येतील की जेवाया.”

बाजाराला गेल्यात म्हणावं तसं म्हणाली. मी पिशवी आत ठेवली आणि ओढा ओलांडला.

जुन्या गावात शिरलं की आधी जाणवतं ते हे, की तिथं कावळासुद्धा नाही. मुंगूस नाही, शेळी नाही. वेड्या बाभळींनी गल्ल्या भरून टाकल्यात. चांगले दगड लोकांनी केव्हाच गाडीत घालून नेले. राहिलीत ती जोती आणि मातीचे ढिगारे. एका ठिकाणी दाराची चौकट तेवढी उभी आहे, भिंत नाही, आणि चौकटीतून पलीकडचं आभाळ दिसतं. मी कित्येक वर्षांत आत गेले नव्हते, तरी पाय बिनचूक वळत होते. एका वळणावर मी एकदम डावीकडं सरले. दोन पावलं पुढं गेल्यावर लक्षात आलं, की तिथं एक ओटा रस्त्यात आलेला होता, गुडघा फुटू नये म्हणून लहानपणी आम्ही सगळे तिथं सरून जायचो. ओटा आता नाही. माझं अंग मात्र सरलं होतं.

तेवढ्यात आवाज आला. खर्र, खर्र. फड्यानं झाडल्याचा.

बाभळीआडून मी पाहिलं. आई पाठमोरी होती, वाकून उंबरा झाडत होती. आजूबाजूला काटे आणि उकिरडा, आणि मधोमध खाटेएवढी जागा लख्ख, सडा टाकलेली, ओली. भर उन्हात ओल्या मातीचा वास सुटला होता. मग ती थांबली आणि वर बघून रागे भरली.

“वर चढू नका गं! उतरा खाली दोगी. माळवद वलं हाय, पाय घसरंल.”

वर माळवद नव्हतं. वर काहीच नव्हतं. आई मात्र मान वर करून थांबली, कुणी खाली उतरेपर्यंत आपण थांबतो तेवढी, आणि पुन्हा झाडायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. पाठ उन्हानं पोळत असताना आला. आईला हाक मारायचं धाडस झालं नाही, कारण हाक मारल्यावर वळून कोण बघेल याची मला भीती वाटली. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटली ती भीतीच.

तिनंच मला ओळखलं. पावलांवरून असेल.

“आलीस व्हय?” ती म्हणाली. “उन्हात काय उभारलीस? ये इकडं, तांब्या धर.”

आवाज नेहमीचा. डोळे नेहमीचे, धुरकट. मी तांब्या धरला. तिनं फडक्यातून दोन चानक्या काढल्या. लहान पोरं चुलीपाशी हट्ट धरून बसतात तेव्हा उरल्या पिठाची तळहाताएवढी भाकरी थापून देतात, ती चानकी. दोन चानक्या, दोन गुळाचे खडे. उंबऱ्यावर शेजारी-शेजारी मांडले आणि पदर सारखा करून ती म्हणाली, “चल.”

एक चानकी बहिणीची, हे मला कळलं. दुसरी कुणाची? आईला मुली दोनच. एक ती आणि एक मी. मी समोर धडधाकट उभी होते, घामानं निथळत, आणि माझी आई माझ्या वाटणीची भाकरी मेलेल्यांच्या पंगतीला वाढत होती.

आणि तेवढ्यावर भागलं नव्हतं. निघताना माझं लक्ष उंबऱ्याच्या दगडाकडं गेलं. आमच्या उंबऱ्याला उजव्या कडेला खोल खाच होती, वडील तिथं विळा घासायचे. ह्या दगडाला खाच नव्हती. मी मागं बघितलं. आमचं जोतं पलीकडं होतं, बाभळीत बुडालेलं, कुणी न झाडलेलं. आई इतकी वर्षं भलत्याच घराचा उंबरा झाडत होती.

म्हणजे भावाचंच खरं. आईला घरसुद्धा आठवत नव्हतं. परतताना ती पुढं चालत होती आणि मी मागून डोळे पुसत होते. तिच्या पाठीकडं बघताना वाटलं, ही हळूहळू जाते आहे आणि मला नुसतं बघत बसावं लागणार आहे.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. धाराशिवला चल, डोळ्यांचं करून घेऊ, मग तिथंच राहा. भांडणाची पुरी तयारी केली होती मी. ती पटकन म्हणाली, “येते की.”

मी लगेच तिची पिशवी काढायला उठले.

“पर आधी टोपलं झाकायचं हाय.”

आमच्याकडं माणूस गेलं की जिथं जीव गेला त्या जागी पीठ पसरतात, शेजारी पणती लावतात आणि पिठावर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून बघायचं. पिठात ज्याचा ठसा उमटला असेल त्या जन्माला ते माणूस गेलं. कुणाचं पाखराचं पाऊल निघतं, कुणाची मुंग्यांची वाट, कुणाचा बाळाचा पाय. वडलांच्या वेळी चिमणीचं पाऊल निघालं होतं, आणि पुढं कितीतरी दिवस आई अंगणात कण्या टाकत होती. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण वडलांच्या वेळी टोपलं उचलताना मीच सगळ्यांत पुढं वाकले होते, हेही खरं.

“आई, ते माणूस जातं त्या दिवशी करतात. आता इतक्या वर्षांनी?”

“त्या दिशी पीठ कुठलं आणावं?” ती म्हणाली. “जातं सुदीक दगडाखाली हुतं. अन् मागनं धीर झाला न्हाय. बघितलं म्हंजे ती गेली म्हनायचं. न्हाय बघितलं तर हाय, खेळालीय.” मग म्हणाली, “आता मला दिसंना झालंय. उद्या तू नेलीस म्हंजे तिकडं रोज कोन जाईल? न बघता कसं यावं बाई?”

मी हो म्हणाले. एका संध्याकाळचा प्रश्न होता. निदान टोपलं आमच्या स्वतःच्या उंबऱ्यापाशी झाकायचं, आईला हळूच खरं घर दाखवायचं, असं मी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही गेलो. माझ्याकडं टोपलं आणि पणती, तिच्याकडं ज्वारीचं पीठ. मी तिला हाताला धरून आमच्या जोत्याकडं वळवायला लागले, तशी तिनं हात सोडवून घेतला आणि नेहमीच्या झाडलेल्या जागेत जाऊन बसली.

“आई,” मी होता होईल तेवढं हळू म्हणाले, “हे आपलं घर नाही गं. आपलं पलीकडं. ह्या दगडाला खाच नाही, बघ हात लावून.”

ती पीठ पसरत होती. हात थांबला नाही.

“मला कळत न्हाय व्हय? हे शेजारनीचं हाय.”

मी टोपलं खाली ठेवून तिच्या शेजारी बसले.

“आमी वस्तीला गेलो, उडीद पडला हुता खळ्यावर. ही म्हनली, म्या न्हाय येत. गणपती बोळवायचा हाय. शेजारनीची पोरगी अन् ती, एका वर्गात दोगी, एका ताटात जेवायच्या. म्हनली, रातच्याला तिच्याकडंच झोपते. लई रडली. म्या म्हनलं, झोप.” तळहातानं ती पीठ सारखं करत राहिली. “तुझा बाप न्हाय म्हनत हुता. म्याच झोप म्हनलं.”

तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आमचं घर पडलं हे खरं होतं. फक्त बहीण त्यात नव्हती. मी इतकी वर्षं मनात एक घर पाडत होते आणि आई दुसरं.

“अन् ह्या घरातलं तर एक बी उरलं न्हाय,” आई म्हणाली. “दिवा लावाया कोन न्हाय. मग त्या पोरीला कोन बोलवंल? आपली एकटी कशी येईल तिला टाकून? म्हनून दोगींचं करते.”

“मला वाटलं ती दुसरी चानकी माझी,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

आईनं माझ्याकडं पाहिलं, जेवढं दिसत होतं तेवढं, आणि चक्क हसली. “तुला कशाला? तू जित्ती हाईस. तुला काल अख्खी भाकर घातली की!”

रडता रडता मीही हसले. विसरायचं दुखणं मी तिथंच मनातून पुसून टाकलं. आईला सगळं लख्ख आठवत होतं. दुखणं असलंच तर ते होतं.

पणती लावली. टोपलं पालथं घातलं, कुत्र्यानं उलथू नये म्हणून वर मी दगड ठेवला. उजेड असेपर्यंत आम्ही परत फिरलो.

सकाळी फटफटताच पुन्हा ओढ्यापलीकडं. बाभळींवर धुकं होतं आणि चौकटीतलं आभाळ राखेच्या रंगाचं. पणती विझलेली. दगड जागेवर, टोपलं जागेवर. आई उंबऱ्याशी बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

“उचल,” ती म्हणाली. “मला दिसायचं न्हाय. तू बघून सांग. एकटीच हाय, का दोगी?”

वाटेनं येताना मी ठरवून टाकलं होतं. पिठात काही नसणार. मुंगी गेलेली असली तर गेलेली असणार. मी दोघी म्हणणार, आणि आईला घेऊन जाणार. आयुष्यभर पोरांच्या चुका दाखवण्यात गेलं, एकदा खोटं बोलून पुण्य घेऊ, असा विचार होता.

मी टोपलं उचललं.

पीठ आदल्या संध्याकाळी आईनं तळहातानं सारखं केलं होतं तसंच होतं, कडेपर्यंत गुळगुळीत. मधोमध दोन ठसे होते. अंगठ्याएवढे, शेजारी-शेजारी, बारीक. पाखराचे म्हणावेत तर नखं नव्हती, बाळाच्या पायाचे म्हणावेत तर फार लहान. पाल असेल, उंदीर असेल, मी मनात एकेक नाव घेऊन बघितलं. पण आत शिरल्याची रेघ नव्हती, बाहेर गेल्याची नव्हती. कुठूनही न येता दोघं मध्ये येऊन उभे राहावेत तसे ते दोन ठसे.

“बोल की,” आई म्हणाली.

“दोघी,” मी म्हणाले.

“तोंड कुनीकडं हाय?”

मी पुन्हा वाकले. दोन्ही ठसे आमच्या बाजूला रुंद होते, पलीकडं निमुळते. “आपल्याकडं.”

खोटं बोलायची तयारी करून गेले होते, ती लागली नाही. याचीच मला आजही भीती वाटते.

आईचे ओठ हलले. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती उठली, पीठ हातानं गोळा करून बाभळीच्या बुडाशी टाकलं, फडा तिथंच उंबऱ्याला टेकवून ठेवला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मग तिनं हाक मारली. दिवेलागणीला आया खेळणाऱ्या पोरांना मारतात तशी, लांब, सूर ओढून. आधी माझ्या बहिणीचं नाव. मग त्या दुसऱ्या पोरीचं.

“चला गं! लई झाला खेळ. जायाचं हाय आता.”

बहिणीचं नाव मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. डोंगरातल्या मेंढरांना घरी आणणारा तो जुना शब्द मला आठवला, आणि शब्दकोशात वाचताना तो किती लांबचा वाटला होता तेही आठवलं.

“म्होरं बघून चाल,” आईनं बजावलं. “मागं बघू नको.”

मी बघितलं नाही. मान आखडून चालत राहिले. आई मात्र मधून मधून थांबायची, लहान पायांना गाठायला वेळ द्यावा तशी. ओढ्यात दगडांवरून उतरताना ती काठावर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, “हां, चल.” मागं पाणी हललं. मासा असेल.

घराची झाकपाक करून निघायला दुपार कलली. लोहाऱ्याच्या जीपमध्ये आई मागच्या बाकावर कडेला बसली आणि माझ्या-तिच्यात तिनं भरपूर जागा ठेवली. जीप खच्चून भरली होती. ड्रायव्हर वाकून म्हणाला, “मावशी, सरका की जरा. एक सीट बसतंय तिथं.”

“न्हाय बसत,” आई म्हणाली. “भरलंय.”

ड्रायव्हरनं त्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि दार ओढून घेतलं. लोहाऱ्यापर्यंत जीपमध्ये कुणी मोबाइलसुद्धा लावला नाही.

पुढं काही दिवसांनी ती निबंधवाली मुलगी व्हरांड्यात भेटली. म्हणाली, “मॅडम, ती म्हातारी आता दिसत न्हाय. अन् पोरींचा आवाज बी बंद झालाय म्हनत्यात.” आवाज येत होता, हे तिनं निबंधात लिहिलं नव्हतं. मी विचारलंही नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी धाराशिवात उतरेपर्यंत दिवेलागण झाली होती. माझं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यातला दिवा गेलेला. आई कठडा धरून एकेक पायरी चढली. आत आल्यावर चपला काढून खुर्चीवर टेकली, नव्या घराचा वास घेतला आणि डोळे मिटले. मी पिशव्या आत घेतल्या आणि दार लावायला गेले.

“थांब,” आई डोळे न उघडता म्हणाली. “दमल्यात. येऊ दे त्यास्नी.”

मी दार धरून उभी राहिले. जिना रिकामा होता. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, मग शांत. मी इंग्रजी शिकवणारी बाई, निवृत्तीला आलेली, दुसऱ्या मजल्याच्या अंधारात दार धरून उभी.

“आल्या का गं?” आईनं आतून विचारलं.

मी दारातून बाजूला सरले. दोघी शेजारी-शेजारी आत येतील एवढी जागा केली, जरा थांबले आणि मग दार लावून घेतलं.